फॅमिली ग्रुप फोटो १६ बाय २० फ्रेममधी बसंना, कडेचे लोक कापायलेत

अंबाजोगाईकर७७
नमस्कार मंडळी. आमच्या आबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे दिवाळीनंतर, तवा महालक्ष्म्याला सगळे गावाकडं जमले होते तो वाड्याच्या दारातला फोटो मोठा करून द्यायचं ठरलंय. भाच्यानं चांगल्या कॅमेऱ्यावर काढलाय, आडवा, खाली पोरं, मधी आबा-आजी खुर्चीवर अन् मागं आम्ही सगळे दाटीवाटीनं. लातूरला एका स्टुडिओत दाखवला तर ते म्हणले १६ बाय २० ची फ्रेम तयार आहे त्याच्यात बसवून देतो, पण स्क्रीनवर बसवून दाखवला तर इकडून मोठी आत्या अर्धी जायली अन् तिकडून धाकटे दाजी पूर्णच गायब! आत्याला कापलं तर पुढं काय होईल ते सांगायची गरज नाही. शिवाय मागं भिंतीवर लाईटचं मीटर अन् लोंबती वायर, आबांच्या चष्म्यावर चमक, अन् एका पोराचे डोळे मिटलेले. स्टुडिओवाले म्हणायलेत सगळं क्लीन करतो अन् चेहरे पण स्मूथ करून देतो. करू द्यावं का? घरी लॅपटॉप आहे, फोटोशॉप नाही. फोटो व्हॉट्सॲपवर आलेला आहे माझ्याकडं.

लॅबवाला_परभणी
दादा, आधी तो व्हॉट्सॲपचा फोटो विसरा. साध्या पद्धतीनं पाठवला की लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर येऊन बसतो, १८ इंचाच्या प्रिंटला (१८ च का ते खाली सांगतो) इंचामागं ९० पिक्सेल पण मिळत नाहीत, चेहरे मऊ पडतात. भाच्याला म्हणा ओरिजिनल फाईल पेनड्राइव्हवर दे नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठव. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असंल तर ६००० बाय ४००० मिळंल, म्हंजे १८ इंचाला इंचामागं ३३३, काहीच टेन्शन नाही.

आता कापाकापीचं. कॅमेऱ्याचा फोटो ३:२ असतो अन् १६ बाय २० म्हंजे ५:४, उंची पूर्ण ठेवली तर रुंदीतला सहावा हिस्सा जाणारच, स्टुडिओवाल्याचा काही दोष नाही त्याच्यात. तुमच्या फोटोत त्या सहाव्या हिश्श्यात आत्या अन् दाजी उभे आहेत एवढंच. उपाय सोपा आहे, फोटो १२ बाय १८ काढा (ते पण ३:२ च आहे, कोणीच कापत नाही) अन् त्याच १६ बाय २० च्या फ्रेममधी माउंट, म्हंजे मधी खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, लावून बसवा. डावी-उजवीकडं एकेक इंच अन् वर-खाली दोन-दोन इंच पांढरी पट्टी येती. लग्नाच्या अल्बमवाले बॉर्डरला नाक मुरडतात पण भिंतीवर अशीच फ्रेम भारदस्त दिसती, माझं तर हेच मत आहे. फक्त माउंटच्या खाचेखाली कडेचं थोडंसं दबतंच, म्हणून आत्याच्या पदराच्या पुढं जरा मोकळी जागा आहे का तेवढं बगा.

मन्याडकाठ
स्मूथ अजिबात करू देऊ नका हो. आमच्या आजीच्या फोटोचं असंच झालं होतं, चेहरे स्मूथ करायच्या ॲपनं कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं, अन् सुरकुत्या गेल्या तर आजी कुणाची तरी मावशी वाटायली. वरून सगळ्यांना गोरं पण करून ठेवलं. तुमच्या आजीला गोंदण असंल तर दुकानात आधीच निक्षून सांगा, कपाळाचं अन् हातावरचं दोन्ही. मुरूम, घामाची चमक, चेहऱ्यावर बसलेली माशी एवढंच काढायचं. जे आठ दिवसांत आपोआप जाणार आहे ते काढा, जे जन्माचं आहे त्याला हात लावू नका.

जालना_क्लिक
एवढी झंझट कशाला? एआयला सांगा वर-खाली अंगण अन् भिंत वाढवून दे, ५:४ होऊन जाईल, मीटर पण जाईल अन् पोराचे डोळे पण उघडतील. दोन मिनिटाचं काम.

लॅबवाला_परभणी
@जालना_क्लिक वर-खाली भिंत वाढवली तर मी पण काही म्हणणार नाही, फरशी अन् भिंतच आहे ती. पण डोळे नको भाऊ. ग्रुप फोटोत एकेक चेहरा छोटा असतो, एआय ते डोळे मनानंच बनवतंय, अन् लांबून बरं वाटलं तरी आई लगेच ओळखती की हे माझं पोरगं नाही. भाच्यानं एकच फोटो थोडाच काढला असंल, ग्रुपचे लागोपाठ चार-पाच तर काढतातच, त्याच्यातल्या ज्याच्यात पोराचे डोळे उघडे आहेत तिथून तेवढं डोकं उचलायचं. गिंप नावाचं फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्यात दोन्ही फोटो एकावर एक लेयर करा, वरच्याला मास्क लावा (म्हंजे नको तेवढा भाग झाकता येतो) अन् डोक्याभोवती मऊ ब्रशनं जोडून घ्या. चष्म्याची चमक पण तशीच, दुसऱ्या फोटोत आबांची मान जरा खाली असंल तर काच साफ मिळती. वायरीला गिंपमधलं हील टूल बस आहे. मीटरला मात्र क्लोन टूल घ्या (एका जागचं उचलून दुसरीकडं चिकटवतं ते) अन् भिंतीचा एकच तुकडा परत परत चिकटवू नका, चुन्याच्या भिंतीवर ते लगेच कळतं, दोन-तीन ठिकाणाहून उचला. फाईल मधी मधी जेपीजीत सेव्ह करू नका, दरवेळी क्वालिटी घसरती, गिंपच्याच फॉरमॅटमधी ठेवा अन् शेवटी एकदाच जेपीजी काढा, एसआरजीबी कलरमधी (सेव्ह करताना रंगांचा जो नेहमीचा प्रकार असतो तो). क्रॉप सगळ्यात शेवटी.

तसं मीटर काऊन काढायलात? राहू द्या की. वायर तेवढी काढा, ती आबांच्या फेट्यातून निघाल्यासारखी दिसत असंल तर.

अंबाजोगाईकर७७
हाहा, फेट्यातूनच निघायलीय खरंच 😄 मीटर मग राहू देतो. ओरिजिनल मिळाली, ६००० बाय ४००० च आहे, अन् तिसऱ्या फोटोत पोराचे डोळे टकटक उघडे आहेत. १२ बाय १८ अन् माउंट फायनल. आता ग्लॉसी घ्यावं का मॅट? अन् स्क्रीनवर झकास दिसतंय ते प्रिंटला काळं येतं म्हणतात, खरंय का?

मन्याडकाठ
मॅट घ्या ताबडतोब. बैठकीतल्या ट्यूबलाईटसमोर ग्लॉसी लावला की फोटोत आपलंच तोंड दिसतं.

लॅबवाला_परभणी
काळं येतं ते लॅपटॉपची ब्राइटनेस फुल असती म्हणून. निम्म्यावर आणा अन् मग बगा, सावलीतले चेहरे तवा पण दिसायलेत का. नसतील तर सावली थोडी उचला, पण आबांचं धोतर पांढरं फक पडू देऊ नका, घड्या दिसल्या पाहिजेत. मोठा काढायच्या आधी ४ बाय ६ चा एक टेस्ट प्रिंट घ्या त्याच लॅबमधून, अन् त्यांना सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवा, नाहीतर तुम्ही केलेलं सगळं त्यांचं मशीन परत बदलतंय. फोटो पेपरवरच काढायचा बरं का, स्वस्त पडतो म्हणून फ्लेक्सवाल्याकडं जाऊ नका. अन् काच लावणार असाल तर माउंट काचेच्या अन् फोटोच्या मधी येऊ द्या, काचेला टेकला की पावसाळ्यात ओल धरून चिकटतो, मग निघत नाही.

जालना_क्लिक
बरं बाबा, एआय कॅन्सल. दाजींना सांगा तुम्ही वाचलात म्हणून.