मदत हवी आहे : सहा खवा भट्ट्या आणि पाच मिठाई दुकाने यांचे सणाचे एकत्रित नियोजन कसे बांधावे?

धागाकर्ता : बाणगंगा (ता. भूम, जि. धाराशिव)

नमस्कार. मी भूम तालुक्यातील एक लहान खवा उत्पादक आहे. आमच्या परिसरातील सहा भट्ट्या गेली तीन वर्षे मिळून पाच मिठाई दुकानांना माल पुरवतात. त्यांपैकी दोन दुकाने लातूरची, दोन पुण्याची आणि एक हैदराबादचे आहे. आम्हा सहा जणांची मालकी वेगळी, वही वेगळी आणि दूध घालणारे शेतकरीही वेगळे. दुकानदारांचा तर एकमेकांशी काहीच संबंध नाही, आणि टेम्पोवाला कोणाच्याच बांधिलकीत नाही. असे असताना सर्वांनी मिळून हंगामाचा एक आराखडा कसा करावा, तो कागदावर कसा उतरवावा आणि अंदाज चुकला तर नुकसान कोणी सोसावे, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

गेल्या दिवाळीत काय घडले ते सांगतो. सणाआधीच्या दहा दिवसांसाठी पाच दुकानांनी मिळून २,१०० किलोची मागणी फोनवर सांगितली. भट्टीमागे दिवसाला सरासरी ३५ किलो खवा निघतो, म्हणजे सहा भट्ट्यांचे दहा दिवसांचे बरोबर २,१०० किलो. किलोमागे पाच लिटरच्या आसपास दूध लागते, म्हणून साडेदहा हजार लिटरची जुळवाजुळव केली, दूध घालणाऱ्यांना आगाऊ पैसे दिले आणि जळण भरून ठेवले. प्रत्यक्षात दुकानांनी १,४५० किलो उचलले. उरलेल्या ६५० किलोंपैकी ४०० किलो पडत्या भावात गेला आणि २५० किलो शीतगृहात ठेवावा लागला. खवा काही सोयाबीन नव्हे की पोत्यात भरून भावाची वाट पाहावी. साध्या हवेत तो दोन ते चार दिवस टिकतो आणि पाच अंश तापमानात फार तर दोन आठवडे.

त्याआधी गणपतीत नेमके उलटे झाले होते. दूध कमी पडले आणि आम्ही कोणावर अन्याय नको म्हणून प्रत्येक दुकानाला त्याच्या मागणीच्या साठ टक्केच माल दिला.

या अनुभवानंतर मी थोडे वाचन केले. अमेरिकेत १९९० च्या दशकात वॉलमार्ट ही दुकानसाखळी आणि लिस्टरीन हा गुळण्यांचा द्रव बनवणारी वॉर्नर-लॅम्बर्ट या दोन स्वतंत्र कंपन्यांनी एकत्र बसून विक्रीचा अंदाज काढण्याचा प्रयोग केला आणि त्यावरून १९९८ मध्ये ‘सीपीएफआर’ या नावाने मार्गदर्शक पद्धत प्रसिद्ध झाली, असे त्यात आढळले. सहयोगी नियोजन, अंदाज आणि संपलेल्या मालाची पुन्हा भरणी असा त्याचा अर्थ सांगता येईल. त्यातील मला पटलेला भाग असा की, दोन्ही बाजूंनी आपापला अंदाज मांडायचा, आणि दोन आकड्यांत आधी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक तफावत असेल तेवढ्याच बाबींवर चर्चा करायची. त्यांच्याकडे संगणक होते, आमच्याकडे वही आणि व्हॉट्सॲप आहे. पण एवढे काम वहीतही होईल असे वाटते.

एकत्र बसण्याची गरज यंदा अधिकच आहे. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे हेच सण अनुक्रमे १४ सप्टेंबर, २० ऑक्टोबर आणि ८ नोव्हेंबरला येतात. दुकानदार मागच्या वर्षीच्या त्याच तारखेची पावती पाहून मागणी सांगतात, ती यंदा सपशेल चुकणार. शिवाय अधिकात लग्ने लागत नाहीत, त्यामुळे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातील लग्नसराई गेली. मात्र धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या वाणापायी मिठाईचा खप किती भरून निघतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्यालाच ठाऊक. दिवाळी नोव्हेंबरात गेल्याने तोपर्यंत किती म्हशी व्यालेल्या असतील आणि दूध किती वाढलेले असेल, हे आम्हाला ठाऊक. दोन्ही बाजूंची माहिती एका कागदावर येत नाही, हेच आमचे दुखणे आहे.

मागणी केवळ किलोत सांगण्याची सवयही मोडावी लागेल. पेढा-बर्फीला कमी ओलाव्याचा पिंडी खवा लागतो आणि गुलाबजामला जास्त ओलाव्याचा धाप खवा. धाप लवकर खराब होतो. तो उरला तर पेढेवाला घेत नाही.

माझ्या मुख्य शंका अशा आहेत : दुकाने मागणी फुगवून का सांगतात आणि ते कसे थांबवावे? आकडा पक्का कधी समजावा? उरलेल्या मालाचा तोटा कोणत्या हिशेबाने वाटावा? आणि आम्ही सहा भट्टीवाले एकत्र बसून दुकानांशी बोललो, तर त्यात कायद्याची काही अडचण येते का?

प्रतिसाद : मांजराकाठ

मी लातुरात मिठाईचे दुकान चालवतो. आपला ग्राहक मात्र नाही. रागावणार नसाल तर स्पष्ट लिहितो : मागणी फुगवायला आपणच शिकवले आहे. गणपतीत आपण प्रत्येकाला मागणीच्या साठ टक्के माल दिलात. ज्याला ३०० किलो हवे होते आणि ज्याने खरेच ३०० सांगितले, त्याला १८० मिळाले. ज्याने ५०० सांगितले त्याला हवे तेवढे मिळाले. दिवाळीला बाकीच्यांनीही आकडा फुगवला, यात नवल ते काय?

१९९७ मध्ये हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हँग या अभ्यासकांनी पुरवठा साखळीत मागणीचा आकडा दुकानाकडून उत्पादकाकडे मागे जाता जाता का फुगतो याची चार कारणे मांडली होती, त्यांपैकी टंचाईतील वाटप हे एक. उपाय साधा आहे. टंचाई आली तर वाटप सांगितलेल्या मागणीवर करू नका. मागील तीन सणांत ज्याने जेवढा माल प्रत्यक्ष उचलला, त्या प्रमाणात करा आणि हे आधीच लिहून द्या. मग फुगवण्यात कोणालाच लाभ उरत नाही.

पक्क्या आकड्याविषयी म्हणाल, तर सणाच्या महिनाभर आधी आम्हालाही खरे माहीत नसते. संस्था आणि कार्यालयांच्या भेटवाटपाच्या ऑर्डरी आठ-दहा दिवस आधी येतात. म्हणून महिनाभर आधी केवळ अंदाज घ्या, बारा दिवस आधी पंधरा टक्के कमी-जास्त अशी चौकट घ्या आणि चार दिवस आधी पक्का आकडा. पक्क्या आकड्याला मात्र बयाणा मागा. बयाण्याशिवाय पक्के काही नसते, हे मी दुकानदार असूनच सांगतो.

प्रतिसाद : वाळूजकर

आमच्या वाहन सुट्या भागांच्या व्यवसायातही पुढील काही दिवसांचे शेड्यूल पक्के आणि त्यापुढचे तात्पुरते असते, त्यामुळे वरील सूचनेशी सहमत आहे. तोट्याच्या वाटपासाठी एक काल्पनिक हिशेब देतो. समजा, एक किलो कमी पडला तर भट्टीचा ६० रुपयांचा आणि दुकानाचा १५० रुपयांचा नफा बुडतो. आणि एक किलो उरला तर ९० रुपयांचा तोटा होतो. सगळा तोटा भट्टीने सोसायचा असेल, तर तिच्या दृष्टीने ६० भागिले (६० + ९०), म्हणजे दहांपैकी चार वेळा पुरेल एवढाच माल करणे शहाणपणाचे ठरते. दोघांचे मिळून पाहिले तर २१० भागिले (२१० + ९०), म्हणजे दहांपैकी सात वेळा पुरेल एवढा माल करायला हवा. हे अंतर मिटवण्यासाठी तोटा नफ्याच्याच प्रमाणात वाटावा : ९० रुपयांपैकी सुमारे २६ भट्टीने आणि ६४ दुकानाने. तसे केल्यास दोघांचाही स्वतंत्र हिशेब त्याच ‘सात’वर येतो. आपण दिवाळीत सारा तोटा एकट्याने सोसला आहे, त्यामुळे पुढच्या सणाला माल आखडता घ्याल आणि पुन्हा गणपतीसारखी टंचाई होईल.

कायद्याचे म्हणाल, तर एकमेकांचे स्पर्धक असलेल्या सहा भट्ट्यांनी मिळून विक्रीचा भाव ठरवणे स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ मध्ये अडकू शकते. दूध किती, माल किती आणि टेम्पो कधी, एवढ्यापुरती चर्चा ठेवा आणि भावाचे प्रत्येकाने स्वतंत्रपणे बोला. पुढे एकाच नावाने विक्री करायची असेल, तर उत्पादक कंपनीचा, म्हणजे उत्पादकच सभासद असलेल्या कंपनीचा, विचार करा. तिला किमान दहा उत्पादक लागतात, म्हणजे दूध घालणारेही सभासद होऊ शकतील. करार करण्याआधी सनदी लेखापालाला अवश्य दाखवा. प्रत्येक भट्टीची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असू द्या, कारण लेखी करार असला तरी खरेदीदाराला पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत आणि लेखी काही नसेल तर मुदत १५ दिवसांचीच असते.

धागाकर्ता : बाणगंगा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. साठ टक्क्यांचे वाटप न्यायाचे वाटत होते. ते आमच्याच अंगलट आले हे आता ध्यानात आले. काल सहाही जण बसलो आणि टंचाईत उचलीच्या प्रमाणात वाटप करण्यावर एकमत झाले. वही काढून मागील तीन सणांची उचल लिहीत असताना असेही दिसले की, पाचांपैकी एका दुकानाचा सांगितलेला आणि उचललेला आकडा दर वेळी जवळजवळ सारखाच होता, आणि गणपतीत सर्वांत जास्त फटका त्यालाच बसला होता. आरंभ त्याच लातूरच्या दुकानापासून आणि केवळ पिंडी खव्यापुरता करणार आहोत.

एक शंका मात्र उरते. नफ्याच्या प्रमाणात तोटा वाटायचा, तर दुकानाने किलोमागे आपला नफा सांगायला हवा. कोणता शेठ तो सांगेल?

प्रतिसाद : मांजराकाठ

कोणीच सांगणार नाही, मीही सांगणार नाही. नफा विचारूच नका. ‘बारा दिवस आधीच्या चौकटीतील खालच्या आकड्यापेक्षा कमी उचल झाली, तर किलोमागे इतके रुपये दुकान देईल’ एवढी एकच रक्कम मागा. आपण ६४ म्हणा, तो ४० म्हणेल, आणि कुठेतरी पन्नासाच्या आसपास ठरेल. हिशेबाइतके नेमके नसले, तरी आज त्या जागी शून्य आहे. आणि हे बोलणे अधिक महिना लागण्याआधी उरका. श्रावण सुरू झाला की कोणत्याही दुकानदाराला बसून बोलायला सवड नसते.