भंडारदऱ्याचे काजवे आणि शेंडी-रतनवाडीचा हंगाम

काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याचे पर्यटन पूर्ण बंद करावे, असे या चर्चेत एका सदस्यांनी सुचवले आहे. त्यांची कळकळ मला मनापासून पटते, उपाय मात्र पटत नाही. प्रवरेवरील हे धरण 1926 साली पूर्ण झाले. त्याचे पाणी खालच्या तालुक्यांतील उसाला जाते आणि काठावरच्या आदिवासी गावांच्या हाती राहते ती मुख्यतः पावसाची भातशेती. त्यामुळे काजवे पाहायला पर्यटक येतात ते मेअखेरीपासून पहिल्या सरींपर्यंतचे दोन-तीन आठवडे तिथल्या अनेक घरांसाठी बियाण्याचे आणि शाळेच्या वह्यांचे पैसे असतात. धरणाकाठच्या रतनवाडी गावात एका अंगणात रात्री दहा वाजता चुलीसमोर बसून भाकऱ्या थापणाऱ्या मावशी मी पाहिल्या आहेत. परातीतले पीठ संपत आले होते आणि बाहेर अजून दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या.

काजव्यांचे नुकसान होते ते गाड्यांच्या दिव्यांमुळे आणि झाडाखाली शिरणाऱ्या पावलांमुळे. काजव्यांचे मीलन प्रकाशाच्या खुणांवर चालते आणि अंडी जमिनीवरच्या ओलसर पालापाचोळ्यात घातली जातात. म्हणजे सादडा-हिरड्याच्या झाडांखाली उभे राहून छायाचित्र काढणारा माणूस पुढच्या वर्षीचे काजवेच तुडवत असतो. गाड्या धरणाजवळच्या शेंडी गावातच थांबवाव्यात, पुढे गावातल्याच वाटाड्यांबरोबर मोजक्या लोकांना, विजेरी न लावता न्यावे आणि त्याचे शुल्क थेट ग्रामपंचायतीकडे जमा व्हावे, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.