अनुभव धागा: साठीनंतर शहरात गाडी चालवणारे आणि गाडीचा विमा

माझे बाबा ७६ वर्षांचे. कर्वेनगरला राहतात, गाडी स्वतः चालवतात आणि चांगली चालवतात. मागच्या वर्षी नळ स्टॉपजवळ एक रिक्षा अचानक आत घुसली. तिला वाचवताना गाडी दुभाजकाला घासली. उजवीकडचे दोन्ही दरवाजे आणि आरसा गेला, बिल ३८ हजार. पॉलिसी चालू होती, पाच वर्षांत एकही क्लेम नव्हता. तरी क्लेम नामंजूर झाला, कारण बाबांच्या लायसनची मुदत १९ दिवसांपूर्वी संपली होती आणि ते घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन चालायचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि ती सवलत गेली. पंचावन्न ओलांडल्यावर लायसन एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं. वर डॉक्टरांचा दाखला, म्हणजे फॉर्म १-अ लागतो. विमा संपत आला की कंपनी रोज मेसेज पाठवते, लायसनची आठवण आम्हाला कुणी करून दिली नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी वर्षभर करता येतो, हेही मला तेव्हाच कळलं. ३८ हजारांपेक्षा बाबांचा उतरलेला चेहरा मला जास्त लागला.

म्हणून हा धागा. घरात साठीपुढचं कुणी गाडी चालवत असेल तर लिहा. हप्ता किती, काय घेतलं, काय सोडलं, क्लेमच्या वेळी काय झालं. कंपनीचं नाव नको, आकडे मात्र हवेत.

दादर, वय ६९

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करतो. वय वाढलं म्हणून थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, हप्ता वाढत नाही. तो सरकार ठरवतं आणि इंजिनाच्या आकारावर ठरवतं. जून २०२२ पासून १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. वर १८ टक्के जीएसटी. आपल्या हातात असतो तो ओडीचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग.

माझा अनुभव बंपरचा. सोसायटीत गाडी मागे घेताना खांबाला लागली. बिल ७,००० : बंपर ४,०००, मजुरी आणि रंग ३,०००. मुलगा म्हणाला, विमा आहे ना, क्लेम टाका. मी कागद घेऊन बसलो. प्लास्टिकच्या भागावर निम्मा घसारा, १,००० सक्तीची कपात. हातात आले असते जेमतेम ४,०००. माझा ओडी हप्ता मूळ ८,००० आणि त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट. क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५ असा चढत सहाव्या वर्षी परत ५० होतो. मूळ हप्ता तेवढाच धरला तर त्या पाच वर्षांत मी ४,००० + २,४०० + २,००० + १,२०० + ४००, म्हणजे १०,००० रुपये जास्त भरले असते. खिशातून ७,००० दिले. मोठ्या अपघाताला विमा हवाच, पण बंपरसाठी नाही.

ठाणे, वय ६४

काका, हा हिशोब छापून एजंटच्या टेबलावर लावायला हवा. एक भर घालते. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, तीन वर्षं चालतं. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बोनस जातो. माझ्या भावाचा तसाच गेला, अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणाला चार महिने होता तेव्हा.

सायन, वय ७१

२६ जुलै २००५ला गाडी हिंदमाताला सोडून घरी चालत आलो होतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. गाडी तीन दिवसांनी मिळाली. मी काय केलं, तर किल्ली फिरवून बघितली. तिथेच चुकलं. पाणी शिरलेलं इंजिन चालू करायला गेलं की आतून मोडतं, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. पाणी आलं हा अपघात, पण किल्ली तुम्ही फिरवलीत, असं विमा कंपनीच्या सर्व्हेअरने सांगितलं. म्हणून इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाच्या अशा नुकसानीचं जादा कव्हर, मी आता सोडत नाही. मुंबईत सखल भागात राहणाऱ्यांनी बाकी काहीही कापा, हे कापू नका. आणि गाडी पाण्यात अडकली तर किल्लीला हात लावू नका, टो करूनच न्या.

नाशिक, वय ६७

निवृत्तीनंतर माझी गाडी वर्षाला जेमतेम अडीच हजार किलोमीटर फिरते. मंडई, दवाखाना, कधीतरी त्र्यंबकेश्वर. किलोमीटरवर आधारलेलं कव्हर २०२२ पासून सुरू झालंय, ते घेतलं. सुरुवातीला ओडोमीटरचा फोटो पाठवायचा, ठरलेला आकडा संपत आला की वाढवून घ्यायचा. माझा ओडी साधारण पाचव्या भागाने कमी झाला. घेण्याआधी एकच विचारा: आकडा संपल्यावर अपघात झाला तर काय? माझ्या पॉलिसीत थर्ड पार्टी चालूच राहते, ओडी थांबतो. लग्नसराईत मी तो आकडा गाडीतच लिहून ठेवतो.

कोथरूड, वय ६२

यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी त्यांच्या नावावर, चालवायचे मी. पहिल्या महिन्यात कागदपत्रांकडे बघण्याची ताकद नव्हती. शेजारच्या ताईंनी हाताला धरून बसवलं म्हणून निभावलं. मृत्यूची माहिती आरटीओला ३० दिवसांत द्यायची, मग वारसाला तीन महिने गाडी वापरता येते आणि तेवढ्यात आरसी नावावर करून घ्यायची. पॉलिसीही त्यांच्या नावावर तीन महिनेच चालते, त्याआधी मुदत संपली तर तेवढीच. मी दहाव्या आठवड्यात अर्ज दिला. त्यांचा ५० टक्के बोनस पत्नी म्हणून माझ्याकडे आला. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नव्हतं, मी नियम दाखवा म्हणून बसून राहिले. बहिणींनो, यजमानांच्या हयातीत एकदा गाडीची फाइल उघडून बघा. मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बोरिवली

गाडी आईच्या नावावर, ती ८१, लायसन कधी काढलंच नाही. तरी मालक-चालक अपघात कव्हरचे पैसे चार वर्षं जात होते. १५ लाखांचं ते कव्हर वैध लायसन असलेल्या मालकालाच लागू होतं. कळल्यावर काढून टाकलं.

औंध, वय ७४

मोतीबिंदूनंतर रात्री चालवणं बंद केलं, तासावर ड्रायव्हर बोलावतो. त्यामुळे पगारी ड्रायव्हरची जबाबदारी पॉलिसीत घातली, ५० रुपये. पन्नासच! ड्रायव्हरला गाडीत काही झालं तर त्याच्या घरच्यांना मालकाकडे बघावं लागतं, आपणही त्यांच्याकडे बघायला हवं.

दुसरं. पैसे वाचवताना एका एजंटने माझ्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून ६,००० वर आणली होती. वाचले १०० रुपये. पुढे एका मेडिकलच्या दुकानाचं शटर आणि काचेचा दरवाजा माझ्या गाडीने तुटला, २२ हजार. ६,००० सोडून सगळे मी दिले. पॉलिसीचा कागद आला की ती एक ओळ शोधून वाचा.

लंडन, वय ७०

इथली गोष्ट वेगळी. सत्तर झाल्यावर लायसन दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं, त्याला फी नाही. पण विम्यात वय थेट मोजलं जातं आणि सत्तरीनंतर हप्ता चढत जातो. दरवर्षी आधीच्याच कंपनीत न भरता चार ठिकाणी दर काढतो. एक नवल सांगतो: पूर्ण कव्हर बऱ्याचदा नुसत्या थर्ड पार्टीपेक्षा स्वस्त पडतं, म्हणून दोन्ही दर काढायचेच.

डोंबिवली, वय ६६

१४ वर्षांची गाडी, किंमत ७० हजार. गेल्या वर्षी फक्त थर्ड पार्टी केली, १२०० सीसी, जीएसटीसह ४,०३१. चूक केली का?

धागाकर्ती

काका, चूक नाही वाटत. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहते का ते सांगा. राहत असेल तर थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरी असंही कव्हर मिळतं, त्याचा दर विचारून बघा. माझ्या मामांनी डोंबिवलीतच ते घेतलंय, त्यांना आकडा विचारून रात्री इथे लिहिते.