‘रडगाणं’ म्हणणाऱ्यांनी माझ्या घरची मतदारयादी बघावी

सिडकोकर:
काल इथे एकाने लिहिलं, ‘मतचोरी हे हरलेल्यांचं रडगाणं. लोकसभेला आघाडीच्या 30 जागा आल्या तेव्हा यंत्रं बरी होती?’ अहो, मी यंत्राचं नाव तरी काढलंय का? मी यादीबद्दल बोलतोय. आई 2019 ला गेली. 2024 च्या विधानसभेच्या यादीत ती आहे, वय वाढवून. आणि बायको, जिने मे महिन्यात त्याच शाळेत, त्याच खोलीत लोकसभेचं मत दिलं, ती नोव्हेंबरात गायब! सहा महिन्यांत राज्यात जवळपास 40 लाख नावं वाढली म्हणतात. आमच्या घरातलं तेवढं कमी झालं.

पंचवटीचे अण्णा:
आईंचं नाव काढायला सात नंबरचा फॉर्म घरच्यांनी भरायचा असतो. आणि यादीत नाव असणं म्हणजे मत पडणं नव्हे. मी कित्येक निवडणुका पोलिंग एजंट म्हणून बसलोय. तोतया आला तर दोन रुपये भरून हरकत घेता येते. तुमचे एजंट दुपारी जेवायला जातात ते परत येत नाहीत, सतरा-सी, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्याचा हिशोबाचा कागद, तो घ्यायलाही कुणी नसतं. विधानसभेला पाच वाजता मतदान 58 टक्के आणि शेवटी 66 कसे, म्हणून ओरडता. आमच्या केंद्रावर सहाला गेट लावलं तेव्हा आत मोठी रांग होती. शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या, मी उभा होतो तिथे.

सिडकोकर:
सात नंबर भरलाय. पोच कपाटात आहे. न विचारता बोलू नका.

दिंडोरीवाला:
शहरवाल्यांनो, आमचं ऐका. लोकसभेला भास्कर भगरे सरांसमोर दुसरे एक भगरे. सरांचं, म्हणजे शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, यांचं नुसती तुतारी. ना सभा, ना गाडी, तरी लाखावर मतं! माझी मावशी मत देऊन आली, म्हणाली, ‘दिलं तुतारीला.’ म्हटलं, माणूस होता का चित्रात? गप्पच बसली. संध्याकाळी जेवली नाही.

पंचवटीचे अण्णा:
तरी सर आलेच ना निवडून?

दिंडोरीवाला:
आले म्हणून चाललं? साताऱ्यात आमच्या पक्षाविरुद्ध उदयनराजे 32 हजारांनी आले आणि तिथल्या तुतारीवाल्या अपक्षाला 37 हजार मतं. तिथल्यांनी कुणाला सांगायचं?

पंचवटीचे अण्णा:
तुमच्या पक्षाला मत दिलं की मतदार शहाणा, नाहीतर फसलेला. हा माज सोडा आधी.

दिंडोरीवाला:
मावशीला माज म्हणता? तोंड सांभाळून बोला अण्णा.

शाळेतल्या बाई:
मी बीएलओ आहे, म्हणजे बूथच्या मतदारयादीचं काम बघते, म्हणून लिहिते. हजारावर नावं, शाळा सांभाळून. सोसायटीत वॉचमन आत सोडत नाही. सातपूर-अंबडकडचे कामगार अकरा महिन्यांनी खोली बदलतात, नव्या पत्त्यावर सहा नंबर, म्हणजे नवीन नावाचा फॉर्म भरतात. पत्ता बदलायचा आठ नंबर भरला असता तर जुनं नाव आपोआप हललं असतं. दुबार नावं अशी होतात, त्याला चोरी म्हणू नका. पण सिडकोकर, वहिनींचं नाव नोटीस न देता काढलं असेल तर ते साफ चुकलं. तिथे मी आमची बाजू घेणार नाही.

सिडकोकर:
बाई, तुमच्यावर राग नाही. पण विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल 162 मतांवर लागला. एवढी नावं एका बूथच्या यादीत इकडची तिकडे होतात.

पंचवटीचे अण्णा:
162 चं बरोबर आहे. तेवढं मानतो. पण चोरी म्हणायची तर चोर दाखवा. नाहीतर गलथानपणा म्हणा.

सिडकोकर:
बायको केंद्रावरून मत न देता परत आली. तिच्या दृष्टीने मत गेलंच.

पंचवटीचे अण्णा:
यादी भाग क्रमांक आणि ती पोच पाठवा. शनिवारी तहसीलला मी येतो बरोबर. चोरी मात्र मी म्हणणार नाही.