स्पॅनिशची विद्यार्थिनी आहे, रिसर्च आणि कॉम्प्युटरचं नेमकं काय शिकू?

टॉवेलवाल्याची_लेक

नमस्कार. मी सोलापूरची, हैदराबादला इफ्लू या भाषांच्या विद्यापीठात स्पॅनिश बी.ए. करते. दुसरं वर्ष संपलं, सुट्टीला घरी आलेय. पुढच्या सेमिस्टरला दहा-बारा पानांचा प्रोजेक्ट आहे. स्पॅनिशमधली मूळ साधनं वापरायची, संदर्भ नीट द्यायचे, आणि 'रिसर्च स्किल्स, डिजिटल स्किल्स दिसली पाहिजेत' असं सांगितलंय. म्हणजे काय ते कुणीच धड सांगत नाही. एक सीनियर म्हणतो पायथन शीक. मैत्रीण म्हणते प्रेझेंटेशन चकाचक कर. बाबा म्हणतात एक्सेल शीक, निदान कारखान्याचा हिशोब तरी लिहिशील.

भाषा बऱ्यापैकी येते, बी१ म्हणजे मधल्या पातळीच्या आसपास. बातमी वाचली तर डिक्शनरी घेऊन कळते. विषय म्हणून 'लॅटिन अमेरिकी साहित्यातील स्त्री' डोक्यात आहे. लॅपटॉप बाबांचा, जुना. सुट्टीत बसून काय शिकता येईल?

पार्क_चौक

काय टेन्शन घेलालीस गं. एआयला सांग, चहा होईपर्यंत बारा पानं तयार. सगळे तेच करलालेत.

कोंतम_चौकातली

पार्क चौक, तिला संदर्भ द्यायचेत. एआय अस्तित्वातच नसलेले लेख, लेखक आणि पान क्रमांक अगदी ऐटीत देतं. सरांनी एक जरी उघडून बघितला की संपलं. कठीण वाक्य समजून घ्यायला वापर गं, पुरावा म्हणून नको.

आता तुझ्याकडे येते. मीही आपल्याच गावची, स्पॅनिशमध्ये एम.ए. केलं, आता पुण्यात भाषांतराचं काम करते. स्पष्ट सांगू का, 'लॅटिन अमेरिकी साहित्यातील स्त्री' हा बारा पानांचा विषय नाही, तो बारा जणांच्या पीएचडीचा विषय आहे. त्यात तू इकडचं तिकडचं वाचून सारांश लिहिशील आणि शोधायला काही उरणारच नाही. शोधायला काही असेल तरच टेक्नॉलॉजी कामाला येते, नाहीतर नुसती सॉफ्टवेअरची नावं पाठ होतात.

माझं म्हणणं, विषय आपल्या गावचा घे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, हे चार हुतात्मा पुतळ्यापाशी वाढलेल्या पोराला सांगायला नको. त्या महिन्यात माद्रिदच्या पेपरांनी सोलापूरबद्दल काय छापलं? छापलं तरी का? एवढाच प्रश्न. एक गाव, एक महिना, चार-पाच पेपर.

साधनं घरबसल्या, फुकट मिळतात. स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची 'एमेरोतेका दिखिताल', म्हणजे जुन्या पेपरांचं ऑनलाइन दालन, उघड. 'एल सोल', 'ला वोस', 'एराल्दो दे माद्रिद' हे त्या काळातले पेपर तिथे स्कॅन केलेले आहेत. बार्सिलोनाच्या 'ला बांग्वार्दिया'चं स्वतःचं वेगळं संग्रहालय आहे.

इथे पहिलं कौशल्य लागतं, शोधायचं. नुसतं 'सोलापूर' टाकून हात वर करू नकोस. तेव्हा इंग्रजांचं स्पेलिंग 'शोलापूर' होतं, एस नंतर एच. तेही स्कॅनवरून मशीनने वाचलेलं, आणि जुना छापा फिकट असला की मशीन एच चा बी करतं, ओळीच्या शेवटी शब्द तुटला की दोन तुकडे वेगळे धरतं. मग ते पान सर्चमध्ये येतच नाही. म्हणून तारखेची चौकट मे १९३० ची घालायची आणि 'बॉम्बाय', 'गांधी', 'लेय मार्सिआल' असे आजूबाजूचे शब्द टाकायचे. तरीही नाही सापडलं तर परदेशी तारांचं पान उघडून डोळ्यांनी वाचायचं. रोज तेच पान, तोच कोपरा. दोन-चार दिवसांचे अंक चाळले की पेपरची ठेवण कळते आणि पुढचं भराभर होतं.

दुसरं, बातमी आली कुठून ते बघ. सुरुवातीला गावाचं नाव असतं, लंडन की मुंबई, आणि बऱ्याचदा एजन्सीचं नाव, उदाहरणार्थ 'फाब्रा'. ही स्पॅनिश वृत्तसंस्था फ्रान्सच्या हावास वृत्तसंस्थेशी बांधलेली. हावास आणि इंग्रजांची रॉयटर यांनी जग आपसात वाटून घेतलेलं, त्यात हिंदुस्थान रॉयटरच्या वाट्याला. म्हणजे सोलापूरची बातमी माद्रिदला पोचेपर्यंत कुणाकुणाच्या हातून गेली असेल बघ. पाच पेपरांत तोच मजकूर सापडला तर ते पाच साक्षीदार नाहीत, एकच तार आहे. बी.ए.च्या पोरीने एवढं ओळखलं तर सर खुर्चीत सरळ होऊन बसतील.

तिसरं, तेव्हा स्पेनमध्ये काय चाललं होतं? प्रिमो दे रिवेरा हा हुकूमशहा जानेवारी १९३० मध्ये पायउतार झाला होता, पण बेरेंगेर सरकार आलं तरी मे महिन्यात पेपरांवरची सेन्सॉरशिप होतीच. त्यामुळे एखाद्या पेपरात अग्रलेख नाही म्हणजे त्यांना पडलेली नव्हती, असं लगेच लिहू नकोस.

इकडच्या बाजूसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बस, सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर बघ. तिथली माणसं विचारलं की सांगतात. आपण विचारत नाही, हा आपला प्रॉब्लेम.

आधी_फाइलला_नाव_द्या

विषय झकास. मी ग्रंथालयातलाच माणूस, म्हणून थोडं कोरडं सांगतो.

कीबोर्ड आधी. विंडोजमध्ये 'युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल' लावून घे. सिंगल कोट दाबून मग स्वर दाबला की डोक्यावर तिरकी रेघ येते, टिल्डा (~) आणि एन दाबलं की एन्ये (ñ). उलटं प्रश्नचिन्ह आल्ट धरून १६८. प्रत्येक वेळी गूगलवरून कॉपी-पेस्ट करणारी मुलं बघितली की जीव कासावीस होतो.

मग झोटेरो, संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. ब्राउझरचं बटण दाबलं की संदर्भ आत येतो. ऑनलाइन जागा ३०० एमबीच मिळते, म्हणून स्कॅन केलेली पानं लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर ठेव. आपोआप आलेला संदर्भ तसाच सोडू नकोस, जुन्या पेपरच्या बाबतीत तारीख आणि पान हाताने तपासावंच लागतं.

स्क्रीनशॉटला नाव '१९३०-०५-१४_एलसोल_पान३' असं दे, वर्ष आधी. फोल्डरमध्ये आपोआप तारखेने लागतात. 'फायनल', 'फायनल२', 'खरंचफायनल' बंद.

दुय्यम लेख, म्हणजे अभ्यासकांनी लिहिलेले, दियालनेत या साइटवर शोध, स्पेनच्या ला रियोखा विद्यापीठाची आहे. लॅटिन अमेरिकेतलं हवं असेल तर रेदालिक आणि सायलो या तशाच साइट. शोधशब्द स्पॅनिशमध्येच टाक, इंग्रजीत टाकलेस तर निम्मं हाती लागणार नाही.

पायथन वाईट नाही. पण चाळीस-पन्नास बातम्यांसाठी बाबांचं एक्सेल पुरे.

रेल्वे_लाइन्स

इतिहास नको, व्याकरण आवडतं म्हणणाऱ्यांसाठी: स्पॅनिश अकादमीचा 'कोर्पेस' बघा, म्हणजे शब्द शोधता येतील असा मजकुराचा मोठा संग्रह. २००१ नंतरचा मजकूर, त्यातला ७० टक्के अमेरिकेतला, ३० टक्के स्पेनचा. 'ओय' म्हणजे आज, हा शब्द टाकून सोबतचं क्रियापद देशानुसार बघा. माद्रिदचा माणूस 'ओय ए कोमीदो' म्हणतो, मेक्सिकोचा 'ओय कोमी'. पुस्तकात एक नियम, तिथे शेकडो वाक्यं. जुन्या मजकुरासाठी 'कोर्दे' आहे, १९७४ पर्यंतचा.

टॉवेलवाल्याची_लेक

ताई, दादा, सगळ्यांना खूप थँक्स. कीबोर्ड लावला. एक्सेलमध्ये रकाने केलेत: तारीख, पेपर, पान, मथळा, बातमी कुठून, एजन्सी, पहिली ओळ. बाबा खूश, त्यांना वाटतंय हिशोब शिकतेय.

एक शंका. एकच तार दोन पेपरांत आली तर एक ओळ करू की दोन?

कोंतम_चौकातली

दोन ओळी, आणि 'तार क्रमांक' असा एक रकाना वाढव. दोन्हींत तोच क्रमांक घाल. मग क्रमांकानुसार लावलंस की एकाच तारेची वेगवेगळी रूपं एकाखाली एक येतील. मजकूर लंडनहून आलेला, पण मथळा माद्रिदच्या संपादकाने दिलेला. कुणी 'दंगल' म्हटलं, कुणी 'उठाव', कुणी तीन ओळी कापल्या, कुणी तार पहिल्या पानावर घेतली आणि कुणी जाहिरातीशेजारी ढकलली, हे बघायचं. तुझी बारा पानं तिथे आहेत. एकाही पेपरने काही बदललं नसेल तर तसं लिही, तेही उत्तरच आहे.

वेळ उरला तर जानेवारी १९३१ चाही एक फेरा मार. आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली १२ जानेवारीला. त्याच्या महिनाभर आधी, १४ डिसेंबरला, हाका या गावातल्या लष्करी बंडासाठी कॅप्टन गालान आणि गार्सिया एर्नांदेस यांना स्पेनमध्ये गोळ्या घातल्या होत्या. अशा वेळी माद्रिदच्या पेपराला परदेशातल्या फाशीची बातमी छापायची होती का, छापली तर किती ओळींत, हे मलाही बघायचंय. शीट तयार झाली की इथे लिंक टाक. आणि 'दंगल' आणि 'उठाव' यांचे स्पॅनिश शब्द तू मराठीत आणू नकोस, रकान्यात मूळ शब्दच ठेव.