पैसा खरा, पण २०१२ चं काय?
इजिप्तच्या अल अहली या फुटबॉल क्लबबद्दल 'अल अहली जिंकतं कारण इजिप्तमधले सगळे चांगले खेळाडू तेच विकत घेतात' असं म्हटलं जातं, ते अर्धंच पटतं. प्रतिस्पर्धी झमालेक क्लबचे लोक तर हे कायम ऐकवतात, आणि त्यात तथ्य आहेच. पण १९०७ साली कैरोत सुरू झालेल्या या क्लबचं २०१२ हे वर्ष त्या हिशेबात बसत नाही. १ फेब्रुवारीला पोर्ट सईदच्या मैदानात तिथल्याच अल मसरी क्लबविरुद्धचा सामना संपताच प्रेक्षकांवर हल्ला झाला. सत्तरहून जास्त माणसं गेली, बहुतेक अहलीचे तरुण पाठीराखे. अहलीच्या अबूत्रिकासह काही खेळाडूंनी तर निवृत्तीच जाहीर केली होती, नंतर ते परतले.

देशातली लीग रद्द झाली, म्हणजे संघाला सरावासाठीसुद्धा नियमित सामने नाहीत. तरी नोव्हेंबरमध्ये आफ्रिकन चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत, घरचा सामना १-१ सुटलेला असताना, ट्युनिसला जाऊन तिथल्या एस्पेरान्स क्लबला २-१ हरवलं. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या ऑर्लँडो पायरेट्सला हरवून पुन्हा तोच चषक, आणि अंतिम फेरीच्या दोन्ही सामन्यांत अबूत्रिकाचा गोल! प्रशिक्षक मॅन्युएल जोझेच्या काळातल्या याच स्पर्धेच्या चार विजेतेपदांपेक्षा मला हे दोन चषक जास्त मोलाचे वाटतात.