आमचे संशोधन त्रैमासिक सर्वांसाठी विनामूल्य खुले करावे का?

मांजराकाठ

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या संशोधन मंडळातर्फे स्थानिक इतिहास, लोकसाहित्य आणि बोली या विषयांवरचे मराठी त्रैमासिक गेली अनेक वर्षे निघत आहे. वर्गणीदार म्हणजे प्रामुख्याने महाविद्यालयांची ग्रंथालये आणि आमचेच आजीव सभासद. परिणामी ज्या गावच्या शिलालेखावर किंवा बोलीवर लेख असतो, त्याच गावातील शाळाशिक्षकाला तो अंक सहसा पाहायलाही मिळत नाही. म्हणून जुने-नवे सर्व अंक संकेतस्थळावर विनामूल्य ठेवावेत, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे मांडला.

प्रस्तावाला विरोध झाला. वर्गणी बुडेल, हा आक्षेप अपेक्षितच होता. परंतु काही ज्येष्ठ सदस्यांची अशी पक्की समजूत आहे की 'ओपन ॲक्सेस' म्हणजे लेखकाकडून हजार-दोन हजार रुपये घेऊन आठवड्याभरात लेख छापून देणारी दुकाने, आणि आपण त्या वाटेने गेलो तर मंडळाचे नाव जाईल. त्यांना काय उत्तर द्यावे? शिवाय जुन्या अंकांतील लेखांचे हक्क कोणाकडे आहेत, याबाबत मंडळाच्या दप्तरात एकही कागद नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कपाट क्रमांक ७

मी महाविद्यालयीन ग्रंथपाल आहे. आपल्या ज्येष्ठ सदस्यांची समजूत चुकीची असली तरी ती हवेतून आलेली नाही. पदोन्नतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजले जाऊ लागले आणि पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलेला असणे बंधनकारक झाले, तेव्हा लेख छापून देण्याचा धंदा आपल्याकडे फोफावला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या तत्कालीन यादीची छाननी करून २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली, पण अन्य सूचींत नसलेली जी नियतकालिके त्यांनी तपासली, त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निम्न दर्जाची असावीत, असे त्यात दिसले. पुढे आयोगाने निवडक नियतकालिकांची 'केअर' ही नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. प्रबंधापूर्वी शोधनिबंधाची सक्ती २०२२ च्या नियमावलीतून गेलेली आहे. सांगायचे इतकेच की हा रोग गुणमोजणीचा होता. वाचकाला लेख फुकट मिळतो म्हणून कोणतेही नियतकालिक बिघडत नाही. समीक्षा न करता छापले म्हणजे बिघडते, मग ते वर्गणीचे असो की खुले.

२००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात मुक्त प्रवेशाची, म्हणजेच 'ओपन ॲक्सेस'ची, जी कल्पना मांडली आहे, तिचा गाभा असा की कोणालाही लेख विनामूल्य वाचता, उतरवून घेता आणि वापरता यावा. लेखकाकडून शुल्क घ्यावे, असे त्यात कोठेही नाही. ती पद्धत व्यापारी प्रकाशकांनी रुळवली आणि ती कोणत्या थराला गेली आहे, हे पाहायचे असेल तर 'नेचर'ने २०२१ पासून एका खुल्या लेखासाठी ९,५०० युरो आकारण्यास सुरुवात केली, एवढे उदाहरण पुरे. याउलट मुक्त नियतकालिकांची 'डीओएजे' ही जागतिक सूची उघडून पाहिली, तर तिच्यातील बहुसंख्य नियतकालिके लेखकाकडून काहीही घेत नाहीत, असे आढळेल. वाचक आणि लेखक दोघांनाही विनाशुल्क असलेल्या या पद्धतीला 'डायमंड' म्हणतात. आपल्या मंडळाने हीच स्वीकारावी.

वर्गणीच्या भीतीबाबत मुंबईतील उदाहरण सदस्यांपुढे ठेवता येईल. परळच्या केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्टाफ सोसायटीचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघते. या शतकाच्या आरंभीच त्यांनी इंटरनेटवरील मजकूर सर्वांना खुला केला आणि छापील अंकाची वर्गणी तशीच चालू ठेवली. मुंबईच्याच मेडनो या प्रकाशनसंस्थेने हा नमुना भारतातील अनेक वैद्यकीय नियतकालिकांना लागू केला आणि तो इतका चालला की २०११ मध्ये वॉल्टर्स क्लुवर या परदेशी कंपनीने ती संस्थाच विकत घेतली. (या विक्रीचा आनंद मानावा की खेद, हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे.)

शाईदौत

मी एका वाङ्मयीन नियतकालिकाचे संपादन केलेले आहे, त्यामुळे थोडी कटू वाटेल अशी बाजू मांडतो. वैद्यकीय नियतकालिकामागे रुग्णालय असते, महाविद्यालय असते, जाहिराती असतात. मंडळाच्या त्रैमासिकामागे असतात ते दोन निवृत्त प्राध्यापक आणि एक अक्षरजुळणी करणारा, ज्याचे बिल नेहमीच थकलेले असते. संपादन, समीक्षण आणि मुद्रितशोधन ही कामे आपण फुकट करतो, म्हणून ती फुकटात होतात असा समज वाचकांत पसरतो, आणि अंक खुला केल्यावर तो समज पक्का होतो. शिवाय केंद्र सरकारच आता 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून सुमारे १३,००० नियतकालिके संस्थांना उपलब्ध करून देत आहे. ज्याला वाचायचे आहे त्याची सोय होत असताना छोट्या मंडळाने आपले एकमेव उत्पन्न का सोडावे? फार तर अंक वर्षभराने खुला करावा. ग्रंथालये ताज्या अंकासाठी वर्गणी भरत राहतील.

कपाट क्रमांक ७

शाईदौत सर, योजनेचा हा दाखला मला उलट बाजूने महत्त्वाचा वाटतो. ती रक्कम तीस मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिकांसाठी आहे आणि लाभ सरकारी व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था व केंद्राच्या संशोधनसंस्थांना आहे. मांजराकाठ यांनी ज्या शाळाशिक्षकाचा उल्लेख केला, तो त्यात बसत नाही. निवृत्त प्राध्यापक बसत नाही. हौशी इतिहास-अभ्यासक तर नाहीच नाही. आणि मराठवाड्यातील शिलालेखांवरचे मराठी लेख त्या तेरा हजारांत शोधूनही सापडायचे नाहीत. आपला वाचकवर्ग नेमका या योजनेबाहेरचा आहे.

खर्चाबाबत मात्र मी आपल्याशी सहमत आहे. तो लपवू नये. प्रत्येक अंकाच्या शेवटी छपाई, टपाल आणि अक्षरजुळणीचा हिशेब छापावा आणि त्याखाली देणगीचे आवाहन करावे. आजीव सभासद हे बहुधा लेख मिळावेत म्हणून नव्हे, तर मंडळ टिकावे म्हणून सभासद झालेले असतात. वर्षभराच्या विलंबाने सुरुवात करायला हरकत नाही, पण जुने सर्व अंक तरी पहिल्याच दिवशी खुले व्हावेत. त्यांच्यापासून मंडळाला आज काहीच उत्पन्न नाही.

कलम एकोणीस

हक्कांच्या प्रश्नापुरते लिहितो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि लेखकाच्या स्वाक्षरीनेच वैध ठरते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. आपल्या दप्तरात कागद नाही, याचा सरळ अर्थ असा की लेखांचे हक्क लेखकांकडे किंवा त्यांच्या वारसांकडे आहेत. 'सर्व हक्क मंडळाकडे' असे अंकाच्या दुसऱ्या पानावर छापल्याने ते मंडळाकडे येत नाहीत.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. त्यामुळे १९६४ अखेरपर्यंत निधन झालेल्या लेखकांचे लेख आज कोणाच्याही परवानगीशिवाय खुले करता येतात. हयात लेखकांना एक पानी संमतिपत्र पाठवावे. वारसांचा शोध हे खरे किचकट काम आहे. ज्यांचा पत्ता लागत नाही, त्यांचे लेख संकेतस्थळावर ठेवून 'वारसाने कळवल्यास काढू' अशी सूचना अनेक जण टाकतात. व्यवहारात ते निभावते, पण त्याला कायद्याचे संरक्षण नाही, हे जाणून निर्णय घ्यावा. यापुढे मात्र लेख स्वीकारतानाच संमतिपत्र घ्यावे आणि त्यात हक्क मागू नयेत. प्रकाशनाचा परवाना तेवढा मागावा.

जोडाक्षर

तांत्रिक बाजूकडे मराठी नियतकालिके हमखास दुर्लक्ष करतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आपले अंक श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेले असतील, तर त्यांची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण आतली अक्षरे संगणकाच्या लेखी निरर्थक चिन्हे असतात. गूगलला ती वाचता येत नाहीत. असा अंक 'खुला' केला तरी कोणाला सापडणार नाही. अक्षरजुळणीच्या मूळ फाइली शिल्लक असतील तर मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणावा. फक्त छापील अंक असतील तर स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या मोफत साधनाने मजकूर ओळखून घ्यावा, मात्र जोडाक्षरे आणि रफार कोणीतरी डोळ्यांखालून घालावे लागतात. किमान लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव आणि सारांश तरी युनिकोडमध्ये स्वतंत्र टंकून ठेवावेत.

संकेतस्थळासाठी ओपन जर्नल सिस्टीम्स ही मुक्त आज्ञावली आहे. लेख स्वीकारण्यापासून समीक्षणापर्यंतचे काम तिच्यात करता येते. ती सांभाळणारे कोणी नसेल, तर सर्न या संशोधनसंस्थेच्या झेनोडो भांडारात लेख ठेवावेत. तेथे प्रत्येक लेखाला डीओआय, म्हणजे इंटरनेटवरील कायमस्वरूपी ओळखक्रमांक, विनाशुल्क मिळतो, आणि उद्या मंडळाचे संकेतस्थळ नूतनीकरणाअभावी बंद पडले तरी लेख राहतात.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. जुने अंक आधी आणि नवे अंक वर्षभराने, असा सुधारित प्रस्ताव आता मांडतो. एक शंका उरते. आमच्या अंकांत जात्यावरच्या ओव्या आणि गोंधळगीते मोठ्या संख्येने आहेत. ती गाणाऱ्या बायाबापड्यांची संमती तेव्हा कोणी घेतलेली नाही. खुला परवाना देताना त्यांचे काय?

कलम एकोणीस

हा प्रश्न कायद्याच्या पलीकडचा आहे आणि आपण तो विचारला, हे बरे झाले. पारंपरिक ओवीवर कोणा एकीचा स्वामित्वहक्क दाखवणे अवघड आहे, पण म्हणून संकलकाने आपल्या नावावर कोणालाही कसाही वापर करण्याची मुभा द्यावी, असे होत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जमलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या 'परी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत असतात. तेथे गाणारीचे नाव आणि गाव ओवीसोबत असते. आपणही टिपणवह्या शोधून शक्य तेथे नावे भरावीत. लेखांना केवळ श्रेयनिर्देश मागणारा सर्वांत खुला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (वापराच्या अटी आधीच ठरवून दिलेला तयार परवाना) द्यावा, आणि संकलित गीतांच्या परिशिष्टांना व्यापारी वापर वगळणारा. एकाच अंकात दोन परवाने चालतात. प्रत्येक लेखाच्या पहिल्या पानावर तसे स्पष्ट लिहावे लागते, एवढेच.